अर्धायुष्य

सिव्हिल लाइन्समधल्या खनिज कचेरीत बाबा मदतनीस होते.
आकडे लिहायला साहेब. पेटी उचलायला बाबा.
भंडाऱ्याच्या पलीकडच्या डोंगरांत
जीप थांबली की पायी,
गळ्यात पट्टा, पोटावर ती पेटी
आणि तिच्यातून येणारं टक… टक…
दहा पावलांवर थांबायचं, कान द्यायचा.
बहुतेक वेळा बाबाच आधी सांगत :
"काही नाही इथं, साहेब. समोर चला."

आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.
बाबा म्हणायचे, अवं, दगडच हाय तो,
आपल्या जन्माच्या आधीपासून असाच बोलून राहिला,
आपण आत्ता आयकून राहिलो.
आई बादली बदलायची नाही.

एका मे महिन्यात वाळवंटाखाली जमीन हलली.
कचेरीत पेढे वाटले.
बाबांनी त्यांचा पेढा खिशातून घरी आणला,
चुरा झालेला, मला दिला,
आणि उन्हाचे अंगणात बसून
बुटांतले गोखरू काढत राहिले, बराच वेळ.
मी विचारलं नाही. पेढा गोड होता.

मी मेडिकलमध्ये, कोबाल्टच्या खोलीत.
मीटरभर जाड भिंत, लोखंडी दार, दारावर पाटी :
आत येऊ नये. मराठीत, हिंदीत, शिवाय चित्र.
तरी दर महिन्याला कोणीतरी
संडास शोधत येतंच.
(हजारो वर्षं पुरून ठेवायच्या राखेवर
कोणत्या भाषेत पाटी लावणार, देव जाणे.)

पारडीचे नत्थूजी बोरकुटे, वय एकोणपन्नास,
खर्रा तीस वर्षं, जबड्याचा डावा भाग.
मुखवटा चढवताना दातांतून विचारतात :
"बाई, बॉम्बातलंच हाय का जी हे?"
मी म्हणते, भाऊबंद आहेत. पण वाटणी झालीय.
त्यांना हसता येत नाही,
पोटाची घडी तेवढी हलते.

दार लावते. सेकंद मोजते.
हा कोबाल्ट आला तेव्हा
याच जबड्याला सत्तर सेकंद पुरले असते.
सव्वापाच वर्षं झाली. आता एकशे चाळीस.
औषध तेवढंच, फक्त सावकाश.
बाहेर बाकावरची रांग लांबत जाते,
उमरेडची, काटोलची, बालाघाटची माणसं
डबा मांडीवर धरून.
नवा गोळा येईल म्हणतात. राजस्थानातल्या भट्टीत
कुणीतरी कधीचा शिजत घातलाय.
शिशाच्या हंड्यात येईल, रात्रीच्या ट्रकनं,
आणि जुना त्याच हंड्यातून परत जाईल,
सासरी नांदून थकलेल्या बाईसारखा, न बोलता.

गच्चीवरची चादर झटकली की कोराडीची राख उडते.
भाची विचारते, मावशी, पुढं वीज कशाची असेल?
तिच्या वहीत एक गोल घुमट आहे,
धूर नसलेला,
शेजारी संत्र्याची झाडं, घुमटापेक्षा मोठी.
मी म्हणते, छान आहे. मग म्हणते,
याची राख कुठं ठेवशील तेही काढ.
ती पेन्सिल चावते.
पान उलटून मागे एक खोली काढते,
खोलीला दार, दाराशी स्टूल,
स्टुलावर एक बाई.
"ही कोण?"
"राखणदार."
"किती दिवस बसेल?"
"ड्यूटी बदलते नं तिची."

सत्तेचाळीस अंश. लाइट गेली.
कूलर थांबला, पण वाळ्यातून पाणी अजून गळतंय,
ट्रेमध्ये टप… टप…
बाबा खाटेवर, चौऱ्याऐंशी वर्षांचे,
या आठवड्यात मला ओळखत नाहीत.
हात पोटावर, जिथं पेटी असायची.
मान जराशी कलती करतात, ऐकतात,
मोजतात बहुधा.
मग अगदी कामावरच्या आवाजात :
"काही नाही इथं, साहेब.
समोर चला."